डेमोने लावलेला फोन

मंडळी, पहिल्यांदाच लिहितोय, सांभाळून घ्या. आणि आधीच सांगून ठेवतो – भूत, करणी, आत्मा वगैरे खात्यात माझं आजवर काहीही जमा नव्हतं. मी सॉफ्टवेअर टेस्टिंगवाला. एखादी गोष्ट पुन्हा करून दाखवता आली नाही, की ती घडलीच नाही असं समजून बंद करायची, हे माझं काम. असा माणूस इथे लिहायला बसलाय, यातच काय ते समजा.

दोन हजार चारच्या आसपासची गोष्ट. आम्ही कात्रजला दुसऱ्या मजल्यावर राहायचो आणि ऑफिस हिंजवडीला... म्हणजे पुण्याचं हे टोक ते ते टोक. कंपनीची बस सकाळी सव्वासातला चौकात यायची आणि सव्वासातला मी घरात दुसरा मोजा शोधत असायचो. मी मूळचा दर्यापूरचा, अमरावतीकडचा. बायको मेधा अस्सल पेठेतली. माझ्या वऱ्हाडी बोलण्याला तिने दोन वर्षांत कडक इस्त्री मारली होती. फक्त आईशी फोनवर बोलताना सुरकुत्या परत यायच्या.

एके दिवशी सोसायटीच्या मीटर बॉक्सखाली मांजराचं पिल्लू सापडलं. मेधा म्हणाली, "चार दिवस ठेवून बघू. डेमो." नाव तेच पडलं. चार दिवसांत डेमोने एक पडदा, माझं अप्रेझलचं पत्र आणि डाव्या पायाचे तीन मोजे संपवले. डावेच का, ते विचारू नका. मी तिला एकदा शिस्त लावायला गेलो, तर ती कपाटावर चढली आणि तिला उतरवायला चढलेलो मी स्टुलासकट खाली आलो. मेधाने दारातूनच विचारलं, "दोघांपैकी कुणाला लागलंय? म्हणजे त्याप्रमाणे धावते."

डेमोचा खरा जीव मात्र हॉलमधल्या लँडलाईनवर. त्या फोनला स्पीकरचं बटण होतं, दाबलं की लाल दिवा लागायचा. दिव्यासाठी ती एक पंजा स्पीकरवर ठेवायची आणि दुसरा पंजा पडायचा बरोबर रीडायलवर. आम्हा दोघांकडे मोबाईल आले होते, त्यामुळे लँडलाईन फक्त आईसाठी उरली होती. रीडायल म्हणजे थेट दर्यापूर.

हे मला कळलं ते एका रविवारी. फोन उचलल्या उचलल्या आई म्हणाली, "काऊन रे, तू नाही करत तं नाही करत, तुह्या मांजरीचा फोन येते ना मले!"

"काय?"

"रोज सकाळी. मी आयकत बसतो. काल तुह्या बायकोनं कुकरच्या सहा शिट्ट्या केल्या. भात गिजका झाला असन."

झाला होता.

आई म्हणे रिसीव्हर खांद्याशी धरून एकीकडे सुपात ज्वारी पाखडायची आणि एकीकडे आमचं घर ऐकायची. मेधाचं बाथरूममधलं गाणं, माझं मोज्यावरून ओरडणं, सगळं. मला शरम वाटली, म्हणून मी काय करावं? तर फोनवर पातेलं उपडं घातलं. आईच्या फोनवरून बाहेरगावी फोन लागत नसे, म्हणून दोन दिवसांनी तिने शेजाऱ्यांकडून माझ्या मोबाईलवर फोन केला. "दोन दिस झाले, डेमाबाईचा फोन नाही. बिमार हाये का ते?" मी बिमार आहे का, हे नाही विचारलं. संध्याकाळी मी पातेलं काढलं.

आता मुद्द्यावर येतो. एका बुधवारी सकाळी मी बूट चढवत होतो. डेमोने फोन लावला. स्पीकरमधून सुपाचा आवाज येत होता, फट् फट् सर्र... आणि मग आई.

"बाबू, हायेस का? तुले एक इचाराचं होतं..."

"आई, बस जाईल. नंतर करतो."

"हाव, कर."

ती नेहमी हेच म्हणायची. हाव म्हणजे आमच्याकडचं हो. मी नेहमी 'नंतर करतो' म्हणायचो, ती 'हाव, कर' म्हणायची, आणि रविवारपर्यंत कुणी काही करायचं नाही. गुरुवारी उशीर झाला. शुक्रवारी रिलीज होतं. शनिवारी दुपारी शेजारच्या काकांचा फोन आला. आई जेवून आडवी झाली होती, उठली नाही.

सगळं आटोपल्यावर दर्यापूरचा फोन मी स्वतः बंद केला. भिंतीवरची वायर काढून मी गुंडाळली, रांगेत मी उभा राहिलो, तो पिवळट पडलेला फोन टेलिफोन ऑफिसच्या काउंटरवर मी ठेवला. घराला कुलूप लावून किल्ली खिशात घालून आलो. हे इतक्या तपशिलात सांगतोय, कारण पुढे तुम्ही विचारणार.

पुण्यात डेमोचं चालूच होतं. आता ती फोन लावायची आणि एक बाई गोड आवाजात सांगायची, आपण डायल केलेला क्रमांक अस्तित्वात नाही. मेधाने एकदा पिन काढायला हात घातला. मी म्हटलं, राहू दे. तिने वाद न घालता हात मागे घेतला. पेठेतली असून.

दीड एक महिना झाला असेल. सकाळचे सात दहा. लख्ख ऊन हॉलमध्ये. मी एका पायात मोजा घालून दुसरा सोफ्याखाली शोधतोय, मेधा आंघोळीला गेलेली. मागे डेमोने स्पीकर लावला. बीप, नंबर लागल्याची टकटक... मी त्या गोड बाईची वाट बघत होतो. ती बोललीच नाही.

फट् फट् सर्र. फट् फट् सर्र.

मी सोफ्याखालून डोकं काढलं. डेमो फोनसमोर बसली होती, कान पुढे करून, अजिबात न हलता. तिच्या तोंडात माझा मोजा होता.

फट् फट् सर्र. मग आवाज थांबला. सूप खाली ठेवल्यासारखा. आणि कुणीतरी कानाशी फोन नीट धरल्यासारखी खरखर.

मंडळी, इथे तुमच्यापैकी कुणीही असता तर 'आई' म्हणाला असता. विचारलं असतं, काय विचारायचं होतं तुला? मी गेले दीड महिने दुसरं काही ठरवतच नव्हतो. बसमध्ये, मीटिंगमध्ये, जेवताना... एकदा विचारायला मिळावं, एवढंच. आणि त्या क्षणी खालून चौकातून कंपनीच्या बसचा हॉर्न आला आणि माझ्या तोंडून, आपोआप, सवयीने...

"आई, बस जाईल. नंतर करतो."

पलीकडे पुन्हा जराशी खरखर.

"हाव."

'कर' म्हणाली की नाही, माहीत नाही. फोन बंद झाला होता.

मी तसाच एका मोज्यावर उभा. बाथरूमच्या दारातून मेधा म्हणाली, "अरे, सकाळी सकाळी काय पाखडत होतास?"

आमच्या घरात सूप नाही. कधीच नव्हतं.

बस गेली. दुसऱ्या दिवशी मी लाईनमनला बोलावलं. सगळं ऐकून तो म्हणाला, "क्रॉस कनेक्शन असेल साहेब."

"मग हाव कोण म्हणालं? पुण्यात हाव कोण म्हणतं?"

त्याने फोन तपासला, डेमोकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "फोन ओके आहे. मांजर तेवढं उचलून ठेवा," म्हणाला आणि गेला.

मग मी माझं काम सुरू केलं. तीच वेळ, तोच मोजा, डेमोला उचलून फोनपाशी. सलग किती सकाळी, ते सांगत नाही, हसाल. डेमोने त्या दिवसानंतर त्या बटणांना पंजा लावला नाही. लाल दिव्यासमोर बसवलं तरी तोंड फिरवून जायची. ती पुढे पुष्कळ जगली, जाडी झाली, मोजे सोडून पायपुसण्यांवर आली. मी बटण दाबलं की ती गोड बाई. दर वेळी.

मेधा म्हणते, त्यांना पाठवलेले पापड पोचले का तेच विचारायचं असेल. असेल. पापड पोचले होते आणि तेही मी कळवलं नव्हतं.

आम्ही दोनदा घर बदललं. मी लँडलाईन बरोबर नेली, तोच फोन. त्यावरून दुसरा एकही नंबर कधी लावलेला नाही, मेधालाही लावू देत नाही. काय झालं होतं, मला आजही माहीत नाही. कुणाला कळत असेल तर खाली लिहा, मी वाचेन. पण 'क्रॉस कनेक्शन' लिहू नका.

कारण मी 'नंतर करतो' म्हणालोय आणि ती 'हाव' म्हणालीय. सकाळी बूट घालून झाले की मी ते बटण दाबतो. उशीर होतो. होऊ दे.