क्लेंकच्या नावाची पाटी

एबरहार्ट क्लेंकला गाड्यांबद्दल मत विचारावं लागायचं नाही. तो ते न विचारता द्यायचा, आणि एकदा दिलेलं परत घ्यायचा नाही. बावीस वर्षं मी त्याच्या शेजारच्या ठाण्यावर इंजिनं जोडली. तेवढ्या काळात त्याची सगळी मतं मला इतकी पाठ झाली की तो रजेवर असला तर त्याच्या वतीनं मीच भांडत असे.

आत बसलं तर दिवाणखाना आणि पाय दाबला तर तोफ, अशी चार दारांची गाडी जगात फक्त आमच्या टेकडीवरच्या कारखान्यात बनते, हे त्याचं पहिलं मत. बाकीच्या गावांत बनणाऱ्या गाड्यांचा निकाल तो नऊच्या सुट्टीत लोणी लावलेला ब्रेत्सेलचा पाव संपायच्या आत लावायचा.

"म्युनिकची ना? वळणावर नाचते छान. पण बायकोला माहेरी सोडायला निघालेला माणूस नाचत जातो का?"

"मी जातो," नुरेत्तिन म्हणायचा. नुरेत्तिन आमच्या समोरच्या ठाण्यावर. जन्म इथलाच, वडील तुर्कस्तानातून आलेले. एबरहार्टला तो 'आबी' म्हणायचा, म्हणजे थोरला भाऊ, आणि थोरल्या भावाची जेवढी टिंगल करता येते तेवढी करायचा.

"आणि इंगोलश्टाटची, आबी?"

"चारही पाय जमिनीला खिळलेले. भित्र्या माणसाची गाडी."

"त्सुफेनहाउझेनची?"

"ती मुळात दोघांची. अचानक पाहुणे आले म्हणून मागून ताणलेली."

"इटलीची तरी?"

"गाते सुरेख. गाणं ऐकायला मी चर्चमध्ये जातो."

हे सगळं पोटातून आलेलं, पण मूळ मुद्दा वेगळाच होता. त्या सगळ्यांची इंजिनं पट्ट्यावरून सरकत येतात, दहा जण त्यांना हात लावतात. आमच्याकडे एक इंजिन, एक माणूस. पहिल्या नटापासून शेवटच्या नटापर्यंत तोच. दुसऱ्यानं बोटही लावायचं नाही. आणि काम पुरं झालं की वर धातूची छोटी पाटी बसवायची, तिच्यावर त्या माणसाची सही कोरलेली. एबरहार्टची सही शाळेतल्या पोराच्या अक्षरासारखी होती, एकेक अक्षर सुटं आणि सरळ. 'ए. क्लेंक.' तशा हजारो पाट्या जगभर फिरत होत्या. तो स्वतः जुन्या डिझेलच्या गाडीनं कामावर यायचा.

या मुद्द्यावरून त्याचं कायमचं भांडण होतं ते साडूशी. रोझविटाच्या, म्हणजे त्याच्या बायकोच्या, धाकट्या बहिणीनं बव्हेरियातला अलोइस केला होता, आणि अलोइसकडे म्युनिकची ती नाचणारी गाडी होती. महिन्यातल्या एका रविवारी ती एबरहार्टच्या दारात उभी राहायची. मी दोन घरं सोडून राहतो, त्यामुळे जेवायला मीही असायचो.

"साडूबुवा," अलोइस मसुराच्या आमटीत सॉसेज बुडवत म्हणायचा, "येताना तुमची एक गाडी मागे टाकली. चालवणारा बिचारा झोपला होता बहुतेक."

"झोपलाच असेल. आमच्या गाडीत झोप लागते. तुमच्यात माणूस देवाचं नाव घेत जागा असतो."

"शंभरचा वेग गाठायला आम्ही तुमच्यापेक्षा कमी वेळ घेतो. मासिकात आलंय."

"मासिकवाल्याला विचार, तुझं इंजिन कुणी जोडलं. सांगेल? दहा जणांच्या हातचं जेवण ते. त्याला खानावळ म्हणतात."

"अरे, जेवा आता," रोझविटा म्हणायची. "गार होतंय."

गेल्या वर्षीच्या वसंतात एका रविवारी मी पाहिलं की एबरहार्टनं आमटी घेतली नाही. नुसता पाव आणि सॉसेज. आमच्याकडचा, स्वाबियाचा माणूस मसुराची आमटी सोडतो तेव्हा घरात कुणीतरी गेलेलं असतं किंवा जायचं असतं. मी रोझविटाकडे पाहिलं. ती त्याच्या आमटीच्या रिकाम्या ताटलीकडे पाहत होती, आणि त्याचा चमचा तिनं आधीच उचलून ठेवला होता.

त्याचं कारण कारखान्यात आम्हाला पंधरा दिवसांनी कळलं. पिस्टनला धरून ठेवणारी एक पिन असते, आणि ती पिन सरकू नये म्हणून तिच्या दोन्ही टोकांना तारेची बारीक कडी बसवायची असते. आठ पिस्टन, सोळा कड्या. नखाएवढं काम, पण कडी निसटली तर उडून इंजिनात पडते, आणि अडीचशेच्या वेगात ती तारेची चिमूट आख्खं इंजिन आतून फाडू शकते. एबरहार्टच्या हातातून त्या दिवशी तिसऱ्यांदा कडी उडाली. ती शोधायला तो गुडघ्यावर बसला. नुरेत्तिन खाली वाकला, त्याला कडी लगेच सापडली, आणि उठताना त्यानं ती पिस्टनमध्ये बसवून टाकली. दुसऱ्याच्या इंजिनाला लागलेलं ते पहिलं बोट.

एबरहार्ट उभा राहिला. उजवा हात त्यानं डाव्या हातात धरला होता, थंडीत धरतात तसा.

"मी जरा हात धुवून येतो," तो म्हणाला.

तो परत आला तेव्हा उरलेल्या कड्या बसलेल्या होत्या. त्यातल्या सहा मी बसवल्या होत्या. त्यानं पुढचा नट हातात घेतला. नट आवळायला यंत्र होतं, त्याला हात थरथरला तरी चालायचं.

तेव्हापासून दिवसाला दोन इंजिनं आणि दोनदा हात धुणं. पिस्टन आले की एबरहार्ट हात धुवायच्या बेसिनकडे निघायचा. आम्ही दोघं डावी-उजवीकडे बघून चोरासारखे त्याच्या ठाण्यावर जायचो. पाच महिने हे चाललं. त्याबद्दल एका शब्दानं कुणी कुणाशी बोललं नाही. नुरेत्तिनला एकदा फक्त विनोद सुचला, "आबी, टेकडीवरचा सगळ्यात स्वच्छ माणूस आहेस तू." एबरहार्ट हसला नाही. पाटी मात्र तो स्वतः बसवायचा. त्या दोन बारीक स्क्रूंना त्याला दहा-दहा मिनिटं लागायची, आणि तेवढा वेळ आम्ही आपापल्या कामात मान घालून असायचो. म्युनिकबद्दल तो आता काही बोलत नव्हता. नुरेत्तिन मुद्दाम विषय काढायचा. तो म्हणायचा, "बरी असेल."

ऑक्टोबरमध्ये ब्रेमेनहून एक गिऱ्हाईक आलं. आपलं इंजिन ज्यानं जोडलं त्याला भेटायची लोकांना हौस असते, आणि गाडी न्यायच्या दिवशी कारखाना त्यांना वर आणतो. डॉक्टर हिनरिक्स, दंतवैद्य, साठीचे, उंच, उत्तरेकडच्या माणसांसारखे मोजकं बोलणारे. आमच्या मुकादम फिस्टररबाई त्यांना घेऊन एबरहार्टच्या ठाण्यावर आल्या.

"तिन्ही गाड्या चालवून पाहिल्या," डॉक्टर म्हणाले. "इंगोलश्टाटची पावसात सगळ्यात खात्रीची. म्युनिकची तुमच्यापेक्षा चपळ आहे, रागावू नका."

एरवी यावर एबरहार्टनं त्यांना अर्धा तास उभं केलं असतं. तो म्हणाला, "असेल."

"पण त्या दोन्हींवर कुणाचं नाव नव्हतं. माझ्याही दवाखान्याच्या दारावर माझं नाव आहे. आत दुसऱ्या कुणी दात काढलेला मला चालत नाही." त्यांनी हात पुढे केला. "म्हणून तुमची घेतली, क्लेंकसाहेब."

एबरहार्टला हात द्यावा लागला. डॉक्टरांनी तो हातात घेतला आणि लगेच सोडला नाही. मान खाली घालून त्यांनी त्या हाताकडे पाहिलं. उभं आयुष्य बोटांवर काढलेला माणूस तो. त्यांनी अगदी हळू विचारलं, "कधीपासून?"

"काय?" एबरहार्ट म्हणाला.

"काही नाही. भेटून आनंद झाला." आपलं कार्ड त्यांनी त्याच्या हातात न देता बाकावर ठेवलं आणि ते गेले.

त्याच दुपारी एबरहार्ट फिस्टररबाईंच्या काचेच्या खोलीत गेला. जाताना आम्हाला म्हणाला, "तुमची नावं घ्यावी लागतील मला. एकट्याचं खोटं असतं तर एकट्याचं सांगितलं असतं." थोड्या वेळानं आम्हालाही आत बोलावलं.

फिस्टररबाई वाईट नाहीत. त्यांनी पाच महिन्यांची नोंद पडद्यावर काढली. "एकेक नट यंत्रानं मोजलेला आहे, क्लेंक. दोनशेच्या आसपास इंजिनं, एकही परत आलेलं नाही. इंजिनात दोष नाही."

"इंजिनाबद्दल मी बोलतच नाहीये."

"मग कशाबद्दल?"

"त्यावर माझं नाव आहे. काम तिघांचं आहे. पाट्या काढा."

"दोनशे लोकांना काय कळवू? की आम्ही..." त्यांनी पडदा बंद केला. "पाट्या राहतील. वरून तेच सांगतील. तुम्ही घरी जा. डॉक्टरांकडे जा. हे आधी करायला हवं होतंत."

"हो," तो म्हणाला. "करायला हवं होतं."

त्याच्या डॉक्टरनं कंपवात सांगितला. एबरहार्ट परत कामावर आला नाही. नुरेत्तिनला आणि मला लेखी ताकीद मिळाली, दुसऱ्याच्या इंजिनाला हात लावल्याबद्दल. आम्ही ती घडी करून खिशात घातली. नुरेत्तिन म्हणाला, "मरू दे. आबीला सांगू नकोस." मी सांगितलं नाही, तरी ते त्याच्यापर्यंत गेलंच. पुढचे दोन रविवार त्याच्या घरी मला बोलावणं नव्हतं. तिसऱ्या रविवारी मी आपणहून गेलो. त्यानं दार उघडलं आणि म्हणाला, "तुमची दोघांची मिळून चाळीस वर्षांची नोकरीची पुस्तकं कोरी होती. माझ्यामुळे डाग लागला."

"आमचा डाग आम्ही आमच्या हातानं लावला," मी म्हणालो.

"तेच तर," तो म्हणाला. "माझ्या कामात तुमचे हात."

दोनशे पत्ते त्याच्याकडे नव्हते. एकच होता, कार्डावरचा, ब्रेमेनचा. त्याला पत्र लिहायचं होतं आणि पेन धरवत नव्हतं, म्हणून तो सांगत गेला आणि रोझविटानं लिहिलं. इंजिन उत्तम आहे, काळजी करू नये. पण त्यातल्या सोळा कड्या त्यानं बसवलेल्या नाहीत. तेव्हा वरची पाटी खोटी आहे आणि ती काढून टाकावी ही विनंती. रोझविटानं ते पत्र मला दारात वाचून दाखवलं. "टाकू का हे पेटीत?" तिनं विचारलं. "टाकलं नाही तरी त्याला काय कळणार आहे?" मग स्वतःच म्हणाली, "कळेल त्याला," आणि कोट चढवून गेली.

मला वाटत होतं, आणि मला खात्री आहे की एबरहार्टलाही कुठेतरी वाटत होतं, की तिकडून उत्तर येईल, 'राहू द्या, क्लेंकसाहेब, पाटी शोभते तिथे.' माणसं असं लिहितात. अलोइसनं लिहिलं असतं. त्या दिवसांत तो जेवायला आला की आपल्याच गाडीला शिव्या द्यायचा, पेट्रोल खाते, मागे पाय आखडतात, म्हातारपणी चुकलोच साडूबुवा. एबरहार्ट ऐकून घ्यायचा आणि म्हणायचा, "नाही रे, चांगली गाडी आहे." त्यावर अलोइस पुढ्यातली ताटली बाजूला सरकवायचा.

नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात पाकीट आलं. मी तिथेच होतो, त्यांच्या स्वयंपाकघरात. रोझविटानं ते सुरीनं उघडलं. चार ओळींचं पत्र होतं. 'तुम्ही सांगितलंत तसं केलं. तुमच्या जागी मीही हेच मागितलं असतं. गाडी उत्तम चालते. सोबत पाटी.' खाली नाव.

पाटी तिनं त्याच्यासमोर ठेवली. कोपऱ्यांत दोन भोकं आणि मधे ती सुटी, सरळ अक्षरं.

"बरोबर केलं त्यानं," एबरहार्ट म्हणाला.

त्यानं ती उचलली. धातू टेबलाच्या कडेवर बारीक, भरभर वाजायला लागला. त्याला तो आवाज थांबवता येईना, आणि पाटीही खाली ठेववेना. रोझविटा त्याच्या शेजारी बसली. मी कोट घेतला आणि बाहेर आलो. फाटकापर्यंत मला ते वाजणं ऐकू येत होतं.