बयेचा मान

दया सिस्टर भिंगारची, जिभेची तिखट. बहात्तरच्या दुष्काळात पाथर्डीकडच्या तलावाच्या कामावर औषधांची पेटी तिच्याकडे होती. मुकादमालाही ती सुनवायची, "आधी हात धुवा, मग तोंड उघडा." मात्र एका बाबतीत तिची जीभ टाळ्याला चिकटायची. गोवर आलेल्या एका पोराला तिने सुई दिली, तेव्हा बायका खवळल्या होत्या. "बया अंगात आली असताना ही किरिस्ताव बाई सुई टोचती!" तेव्हापासून देवीचं नाव निघालं की दया मागे सरायची.

मालनबाई तिथेच खडी फोडायची. तिच्या चार वर्षांच्या मुक्ताला वाटपाची सुकडी खाल्ली की अंगभर गांधी उठायच्या. सुकडीत शेंगदाण्याचं पीठ असे आणि या पोरीला दाणाच सोसत नाही, हे दयाने केव्हाच ओळखलं होतं. पण दाणा देऊ नका म्हणावं, तर त्या साली दुसरं द्यायचं काय? दया गोळी द्यायची आणि गांधी बसायच्या.

त्या दुपारी सुकडी खाऊन पोरीचे ओठ सुजले, अंग लाल झालं, ती ओकली आणि तिचा आवाज बसला. मालनबाईने तिच्यावर कडुलिंबाचा पाला पसरला. "बया आलीया, सिस्टर. सुई नगं."

पेटीत अ‍ॅड्रेनलिनची सुई होती. आवाज बसला म्हणजे घसा आतून सुजतोय, मग सुई द्यायला थांबायचं नसतं, हेही दयाला पाठ होतं. पण भोवती बायका जमल्या होत्या. तिने गोळी चमच्यात विरघळवून पाजली आणि म्हणाली, "थोडं बघू."

बघता बघता घरघर लागली, नखं निळी पडली. मग मालनबाईच किंचाळली, "टोचा वो, काय बी टोचा!" दयाने पाला झटकून मांडीत सुई दिली, छाती दाबली, तोंडाने श्वास भरला. पोर हलली नाही.

सुतक फिटायच्या आत मालनबाई खडीवर आली. पोट कुठे सुतक पाळतं? शिव्या खायच्या तयारीने दया समोर जाऊन उभी राहिली. मालनबाई तिच्या पायाशी वाकली.

"तुमी बयेचा मान राखला. सुई म्याच मागितली, म्हनून कोपली ती."

दयाला रडू फुटलं. "मालनबाई, बया नव्हती हो ती. दाण्याने झालं. सुई मी आधीच द्यायला हवी होती."

मालनबाईने तिचे डोळे आपल्या पदराने पुसले.

"तुमी किरिस्ताव, सिस्टर. तुमाला न्हाई कळायचं."

आणि ती खडी फोडायला बसली.