कुंकू लावलेला पाना

माझ्या मोटारसायकलची चेन मी स्वतः ताणते, हे कळलं की शाळेतल्या बाकीच्या मॅडम कौतुकानं बघतात. पूर्वी मला ते कौतुक आवडायचं. खोटं कशाला बोलू, त्यासाठीच मी कधीकधी हाताचं काळं नीट धूत नसे. आता कुणी तसं बघितलं की मी विषय बदलते.

गाडी सासऱ्यांची. त्यांना मी मामा म्हणते. लोह्याजवळच्या आमच्या गावातून माझी शाळा दोन वाड्या ओलांडून आहे आणि मधली वाट काळ्या मातीची. स्कूटीची लहान चाकं तिथं रुततात. नवरा लातूरला क्लासमध्ये शिकवतो, शनिवारी येतो. म्हणून मामांनी त्यांची जुनी मोटारसायकल मला दिली आणि चालवायलाही शिकवली. घरात हे कुणालाच पसंत नव्हतं. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, कितीतरी दिवस माझ्याशी भाजीभाकरीपुरतंच बोलत होत्या. चुलत सासऱ्यांनी तर पारावर सगळ्यांसमोर विषय काढला.

"सून गाडीवर टांग टाकून फिरून राहिली. बरं दिसतं का हे?"

"गाडी माझी हाय. मी दिली," मामा म्हणाले.

तेवढ्या एका शब्दावर मी रोज शाळेत जात होते. तो शब्द फिरला असता तर सकाळची एकुलती एक जीप होती. तिच्यात माणसांच्या मांडीवर माणसं बसतात, आणि ती भरली की निघून जाते.

मामांची अट एकच. "चालवायची तर तिचं करायचं बी तूच." दर रविवारी गाडी मेन स्टँडवर घ्यायची. चेन डिझेलच्या फडक्यानं पुसायची, ब्रशनं ऑईल लावायचं. बोटानं वरखाली करून बघायची, ढिली लागली तर मागच्या चाकाच्या एक्सलचा नट सैल करायचा. मग दोन्ही बाजूंचे अ‍ॅडजस्टर सारखेच फिरवायचे, खुणा जुळवायच्या, चाक फिरवून बघायचं. शेवटी नट पान्यानं जोर लावून आवळायचा आणि तो सुटू नये म्हणून त्यात पिन घालायची. मामा ओट्यावर बसून बघायचे आणि पिन घातल्याशिवाय नजर काढायचे नाहीत. गल्लीतली माणसंही रविवारी आपापल्या गाड्या त्यांच्याकडेच आणायची. मामाच्या हातचा नट सुटायचा न्हाई, असं गावात बोलायचे. कुणी तोंडावर म्हटलं की मामा उगाच खाकरायचे. त्यांना आवडायचं ते.

आमच्याकडे खंडेनवमीला घरातली सगळी हत्यारं पुजतात. विळा, कुऱ्हाड, पहार, खुरपी आणि मामांचे पानेसुद्धा. एकदा हळदकुंकू लागलं की दसऱ्याला पूजा हलेपर्यंत त्यांना हात लावायचा नाही. ही रीत आत्याबाई डोळ्यात तेल घालून पाळतात.

गेल्या खंडेनवमीला मी गाडी धुतली आणि लगोलग चेन ताणायला घेतली. नट सैल केला, अ‍ॅडजस्टर फिरवले, आणि आत दूध उतू गेल्याचा वास आला म्हणून धावले. चूल पुसून बाहेर आले तर पाने गायब. ते देवघरात पाटावर होते, एकोणीस नंबरच्या पान्यावर ठसठशीत कुंकू.

"आत्याबाई, माझं काम अर्धं राहिलंय."

"मला काय ठाऊक? आता न्हाई उचलायचा. उद्या कर."

मी शाळेत विज्ञान शिकवते. पाना उचलायला मला कसली भीती नव्हती. पण गाडीवरून घरात वाद नको, असं मी मनाशी म्हटलं. खरं तर कंटाळाही आला होता. नट बोटांनी फिरवून बसवला, पिन खिडकीत ठेवली. उद्या आवळू.

दुसऱ्या दिवशी पूजा हलली, पाने पिशवीत गेले. नवरा आला होता, नणंद आली होती, पुरणाचा घाट होता. मी विसरले. याला दुसरा शब्द नाही.

संध्याकाळी गाव सोनं लुटायला वेशीकडे निघतं. मामा दरवर्षी चालत जायचे. त्या दिवशी गुडघा धरला होता, म्हणून ते गाडी काढतो म्हणाले. मी कढईत कुरडया सोडत होते. किक मारल्याचा आवाज मला आला. त्या आवाजावर माझ्या मनात काहीच आलं नाही. मी पुढची कुरडई तेलात सोडली. आजही सगळ्यात जास्त लाज मला त्या कुरडईची वाटते.

पारापाशी वळताना मागचं चाक तिरकं झालं, चेन उतरली आणि मामा नव्या सदऱ्यासकट मातीत पडले. हातात आपट्याची पानं घेतलेलं सगळं गाव तिथं होतं. मी पोचले तेव्हा त्यांचं कोपर सोललं होतं, चष्म्याची एक काच तडकली होती. चुलत सासरे मागच्या चाकाशी वाकले होते.

"नट तर हातानं फिरून राहिला. कुणाचं काम हे?" असं म्हणून त्यांनी माझ्याकडे बघितलं.

मामा मातीत बसूनच म्हणाले, "माझं. काल मीच चेन ताणली. आवळायचा राहिला. वय झालं आता."

मी तोंड उघडलं. मामांनी माझ्याकडे बघून मान किंचित हलवली. मी तोंड मिटलं. भीतीनं मिटलं असतं तर एक वेळ बरं होतं. मला गाडी हवी होती. एवढंच होतं ते, आणि मला तेव्हाही ते कळत होतं.

घरी आत्याबाईंनी मामांच्या कोपराला हळद लावली. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या, मीही त्यांच्याकडे नाही. सकाळी उठले तर खिडकीत पिन नव्हती. ती नटात होती, आणि नट पक्का आवळलेला होता. मामा नेहमीसारखे ओट्यावर चहा पीत बसले होते.

त्यानंतरच्या रविवारी कुणी गाडी घेऊन आलं नाही. पुढच्याही नाही. माणसं फाट्यावरच्या गॅरेजात जायला लागली. मामा काही दिवस पान्यांची पिशवी शेजारी ठेवून बसत. पुढं त्यांनी ती आत खुंटीला अडकवली. पारावर त्यांची फिरकी घ्यायला सगळ्यांना एक निमित्त मिळालं. मामांनी बैल बांधला की कुणीतरी विचारायचं, "मामा, गाठ आवळली का?" सगळे हसायचे, मामाही हसायचे. मी तिथूनच गाडीवरून शाळेला जायचे. माझ्या गाडी चालवण्याबद्दल तर आता कुणी चकार शब्द काढत नव्हतं. उलट चुलत सासरेच म्हणायचे, "सून चालवते तेच बरं हाय. म्हाताऱ्याच्या हातात नको."

रोज वाटायचं, आज सांगावं. रोज शाळेची वेळ व्हायची.

यंदा खंडेनवमीला सकाळी शेजारचा दूधवाला गाडी घेऊन दारात आला. लोह्याला दूध घालतो तो.

"मॅडम, चेन लई वाजून राहिली. गॅरेज आज बंद हाय. तुम्हीच बघा जरा. मामाला नका हात लावू देऊ."

मामा ओट्यावरच होते. त्यांनी ऐकलं. उठून आत गेले, खुंटीवरची पिशवी आणली आणि माझ्यापुढं ठेवली. मी नट सैल केला, खुणा जुळवल्या. तेवढ्यात आत्याबाई हळदकुंकवाचं ताट घेऊन बाहेर आल्या आणि उंबऱ्यावर थांबल्या.

"होऊ दे तुझं. मग लावते."

आत्याबाई कुणासाठी पूजा थांबवत नाहीत. त्या थांबल्या आणि मला राहवलं नाही. समोरच्या दारात चुलत सासरे दात घासत उभे होते. त्यांनाही ऐकू जाईल अशा आवाजात मी म्हणाले, "गेल्या वर्षी नट मी ढिला ठेवला होता. मामांनी चेनीला हातही लावला नव्हता."

कुणी दचकलं नाही. दूधवाला मायेनं हसला.

"असू द्या मॅडम. म्हाताऱ्या माणसाची लाज राखून राहिल्या तुम्ही. कोण करतंय आजकाल एवढं?"

"लाज राखत नाही मी. खरंच माझ्या हातून..."

"हाव, हाव," समोरून चुलत सासरे म्हणाले. "सून असावी तर अशी."

मी आत्याबाईंकडे बघितलं. त्या ताटातलं कुंकू बोटानं सारखं करत होत्या. मामांकडे बघितलं.

"आवळ, बाई," मामा म्हणाले. "पूजा खोळंबली."

मी दोन्ही हातांनी नट आवळला, पिन घातली, तिची टोकं वाकवली. पाना पुसून आत्याबाईंच्या ताटात ठेवला. दूधवाल्यानं चाक धरून हलवून बघितलं. ते जागचं हललं नाही.

"मॅडमच्या हातचा नट सुटायचा न्हाई," तो म्हणाला.

ओट्यावर मामा उगाच खाकरले.