स्टॅटिस्टिक्ससाठी मुलगी मागायला

दोन हजार सालानंतरची गोष्ट. मी बर्मिंगहॅमच्या एका हॉस्पिटलात स्टॅटिस्टिशियन होते आणि आठवड्यातून एकदा युनिव्हर्सिटीत शिकवायला जायची. आमच्या विषयात आशियाई मुली टिकत नाहीत, याची तिथल्या प्राध्यापकांना मनापासून काळजी. मुलींना प्रोत्साहन द्यायला त्यांनी एक मेळावा ठरवला. कुठे, तर पबमध्ये, शुक्रवारी संध्याकाळी. एकही मुलगी फिरकली नाही. मग निष्कर्ष निघाला की मुलींना आत्मविश्वास नाही, आणि आत्मविश्वासाचं वर्कशॉप लागलं. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. मुलींनी पुढे काय करायचं ते घरी ठरतं, तर घरच्यांशी बोला, असं मी सांगून पाहिलं. ते म्हणाले, विद्यार्थी सज्ञान आहेत. आता यावर काय बोलणार, कपाळ?

शेवटच्या वर्षाला एक मुलगी होती. आईवडील नागपूरचे, ती कॉव्हेंट्रीत जन्मलेली. इतकी हुशार की तिच्यासमोर मी जपून शिकवायची. हॉस्पिटलात आमच्याच विभागात तिला ट्रेनीची जागा मिळाली होती आणि सोमवारी होकार कळवायचा होता. पण वडिलांनी तिला ओळखीच्या अकाउंटंटकडे लावायचं ठरवलं होतं.

"मॅम, पप्पांना मी नाही समजावू शकत. तुम्ही याल घरी?"

रविवारी ट्रेनने गेले. मुलगी मागायला निघाल्यासारखंच वाटत होतं, फक्त नवरामुलगा म्हणजे स्टॅटिस्टिक्स.

वडील बस चालवायचे. आईने पोहे दिले.

"अकाउंटंट म्हटलं की चार लोकांना कळतं," वडील म्हणाले. "हे तुमचं नेमकं काय असतं, मॅडम?"

"नवं औषध खरंच लागू पडलं, की पेशंट तसाही बरा झाला असता, ते आम्ही शोधतो. थोड्या पेशंटवरून सगळ्यांचं सांगायचं. शितावरून भाताची परीक्षा."

"म्हणजे पातेलं आधी ढवळायला पाहिजे," आई म्हणाली. मुलगी हसली. वडील हसले नाहीत.

"तिथे आपल्यातलं कोण कोण आहे?" त्यांनी विचारलं.

मुलगी माझ्याकडे बघत राहिली. खूप जण आहेत, असं मी म्हणावं, हे तिच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. थाप मारायचा मोह मलाही झाला.

"आमच्या विभागात कुणी नाही," मी म्हटलं. "मी एकटीच. लागल्यापासून."

"मग डबा कुणाबरोबर खाता?" आईने विचारलं.

"माझ्या टेबलावरच. सवय झालीय."

हे मला इतक्या वर्षांत कुणी विचारलं नव्हतं. फार वाईट वाटलं. आणि आपल्या खरेपणापायी पोरीचं काम बिघडलं, म्हणून स्वतःचा रागही आला.

आई नवऱ्याकडे वळली. "अहो, जाऊ द्या हिला. मॅडमना सोबत होईल."

वडिलांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मग मुलीला म्हणाले, "उद्या हो म्हणून कळव."

मी त्यांच्या मुलीसाठी म्हणून गेले होते. मला रडू यायला लागलं, ते दिसू नये म्हणून मी आणखी पोहे मागितले.