पंख्याजवळचा लाल ठिपका

मंडळी, आज शहाद्याहून ग्राफिक्स कार्ड आणलं. किती दिवसांपासून घ्यायचं होतं, तुम्हाला माहीतच आहे. पण पिशवीतून बाहेर काढावंसं वाटत नाहीये.

माझा कॉम्प्युटर जुना, पॉवर सप्लाय साधा. त्यामुळे वेगळी वायर न लागणारं कार्डच चालणार होतं. नवं परवडेना, म्हणून दुकानदाराने एक वापरलेलं दाखवलं. लावून, चालवूनही दाखवलं.

अशा वेळी मी पंकजला फोन करतो. आमच्या म्हसावदचाच, शाळेपासूनचा मित्र. दिवाळीनंतर कामासाठी सुरतला गेला. त्याच्याकडे चांगलं कार्ड होतं, माझ्याकडे नव्हतं, म्हणून आमचं सोबत गेम खेळणं कायम राहूनच गेलं. "तू कार्ड टाक, मग दोन्ही भाऊ खेळूत," असं तो दर वेळी म्हणायचा.

मी कार्डाचं नाव सांगितलं. त्याने ते परत एकदा सांगायला लावलं. मग म्हणाला, "पंखाजोडे लाल ठिपका शे का?"

होता. नेलपॉलिशचा.

"मंग ले बिनधास्त. मन्हंच शे ते." म्हणजे त्याचंच कार्ड, त्याने विकलेलं.

"अरे, इकं कधी? सांगं का नही?"

"आठे खोलीमा पाय पसराले जागा नही, कॉम्प्युटर कोठे ठेवू?" आणि लगेच, "एक स्क्रू ढिला शे, आवळी ले."

घरी येऊन तेवढा स्क्रू आवळला आणि कार्ड परत पिशवीत ठेवलं. बसवलं की गेम मस्त चालेल, माहीत आहे.

पण तुम्हीच सांगा, खेळू कोणासोबत?