रविवारचं अंडं

मी या घरात सून म्हणून आले तेव्हा एकोणीस वर्षांची होते आणि मला सगळं ठाऊक होतं. बायबल शाळेत दोन वर्षं काढलेली. बरं काय, वाईट काय, याचा निवाडा शास्त्रावरून करायचा आणि समोरच्याला ऐकवायचा. स्वतःलाही ऐकवायचा असतो, हे त्या शाळेत शिकवलं असेल; त्या दिवशी मी बहुतेक आजारी होते.

भालकीकडच्या आमच्या खेड्यात ख्रिस्ती घरांची एक रीत होती. कोंबडीनं रविवारी घातलेलं अंडं देवाचं. ते पुढच्या रविवारी देवळातल्या, म्हणजे आमच्या चर्चमधल्या, अर्पणाच्या टोपलीत ठेवायचं. आमच्याकडे एकच कोंबडी, ठिपक्याठिपक्यांची. स्वयंपाकघरातल्या जुन्या टोपलीत अंडं घालायची. मी आल्यापासून मात्र रविवारी टोपली रिकामी.

मी आधी ठरवलं की कोंबडी शब्बाथ, देवानं नेमलेला विसाव्याचा दिवस, पाळते. बायकांच्या सभेत तशी साक्षही दिली. मुकी जनावरं देवाला ओळखतात, माणसं ओळखत नाहीत, असं बरंच काही. दोघीतिघींनी डोळे पुसले. घरी आल्यावर सासू म्हणाली, "कोंबडी विसावा घ्यायलीय म्हणं. मग तू रविवारी भांडी कामून घासायलीस?"

ते मला लागलं, आणि मी सासूवर नजर ठेवू लागले. रविवारी शेवटच्या आशीर्वादाआधीच ती माझ्याकडून किल्ली घेऊन उठायची. म्हणायची, भाकरी टाकायच्यात. मी आल्यापासूनच्या चौथ्या रविवारी तिच्या भाकरीसमोर बसून मी विचारलं, "आत्याबाई, देवाचं अंडं तुम्ही खाता का?"

ती तव्यावरची भाकरी उलटायची थांबली. "काय म्हणालीस?"

"कबूल करेपर्यंत तुम्ही प्रभुभोजनाला जाऊ नये. शास्त्राप्रमाणं सांगते."

"बरं," म्हणाली आणि भाकरी उलटली. ती करपली होती.

पुढचा रविवार महिन्यातला पहिला, प्रभुभोजनाचा, येशूच्या आठवणीत भाकर आणि प्याला घ्यायचा. सगळे उठून पुढे गेले, गुडघे टेकले. सासू शेवटच्या सतरंजीवर बसून राहिली. बाप्तिस्मा झाल्यापासून तिनं ते भोजन कधी चुकवलं नव्हतं. पाळकसाहेब भाकरीची थाळी घेऊन वाट बघत राहिले. सगळं देऊळ मागं वळून बघत होतं. मी डोळे मिटून होते, आणि खोटं कशाला सांगू, मला फार पवित्र वाटत होतं.

सोमवारी शेजारच्या अक्कानं भिंतीवरून हाक मारली. ती बसवण्णांना मानणारी, तिच्या घरात अंड्याचं नावही निघत नसे. "सुनबाई, इकडं ये. एकटीच ये."

तिनं मला मागं कडब्याच्या गंजीपाशी नेलं. तिथं एक सूप पालथं, त्यावर दगड. सूप उचललं तर खाली पाच अंडी.

"तुमची कोंबडी दर रविवारी येतीय," अक्का म्हणाली. "तुम्ही कुलूप लावून देवळाला जाता. ती दारावर चोच मारून मारून थकती आन् इकडं येती. मी कसं उचलू? झाकून ठेवली."

"मग सांगितलं का नाही?"

"माझ्या कडब्यात अंडी सापडली, हे कुणाला सांगू, बाई?"

मी येण्याआधी सासू दार नुसतं लोटून जायची; कोंबडी फटीतून आत शिरायची. भालकीच्या बाजारातून कुलूप आणलं होतं मी.

शास्त्र पाठ असलेली माणसं पळवाटही शास्त्रातूनच काढतात. शेजारणीची अब्रू राखावी म्हणून गप्प बसावं, असं मला अर्धा दिवस अगदी मनापासून पटलं होतं. पण एक वचन काही पिच्छा सोडेना: अर्पण वेदीपाशी ठेव, आधी जाऊन समेट कर. ते मी इतरांना कितीदा म्हणून दाखवलं होतं.

संध्याकाळी सासूपुढे उभी राहिले. अंड्यांचं सगळं सांगितलं. "आत्याबाई, माझं चुकलं."

ती अंबाडी निवडत होती. "चोर मला देवळात केलीस. तिथंच बोल."

मग रविवारी पाच अंडी टोपलीत घेऊन मी सगळ्यांसमोर उभी राहिले. कोंबडीनं अंडी बाहेर घातली होती एवढंच सांगितलं. अक्काचं नाव घेतलं नाही. ती जुनी अंडी तरी फेकायची ना. पण देवाची होती, म्हणून आणली. माझी अक्कल तेव्हाही तेवढीच. माफी मागता मागता मी घाईनं टोपली खाली ठेवली, अंड्यावर अंडं आपटलं, आणि सर्वांत जुनं फुटलं.

त्या वासाचं वर्णन मी करणार नाही. पाळकसाहेब रुमालाआडून म्हणाले, "कबुली पोचली."

मग, प्रभुभोजनाचा रविवार नसतानाही, ते त्याच वासात भाकर आणि प्याला घेऊन शेवटच्या सतरंजीपर्यंत गेले. सासूनं घेतलं, डोळे मिटले, उघडले आणि माझ्याकडे बोट केलं. "साहेब, हिला पण द्या. मागल्या येळी हिनं घेतलेलं मोजू नका."

परत येताना वाटेत तिनं हात पुढे केला. मी किल्ली काढून दिली.

आज सासू नाही. कोंबड्या तीन आहेत, आणि रविवारी आमचं दार अजून नुसतं लोटलेलं असतं. नात विचारते, "आजी, चोर आला तर?"

मी म्हणते, "येऊ दे की. आधी तो अंडं कुठं घालतो ते बघू, मग चोर म्हणू."