दुसरी भुवई

आमच्या करी रोडच्या पार्लरवालीचं बोलणं कमीच, कारण भुवया कोरताना दोऱ्याचं एक टोक तिच्या दातांत असतं. जे सांगायचं ते ती दोरा काढून, एकदाच सांगते. संध्याकाळी तिच्या मित्राची बाइक बाहेर थांबायची आणि हॉर्न सुरू व्हायचा. "हॉर्न नको रे, काम संपलं की येते," ती हसून म्हणायची. तिच्यासाठी त्याने हौसेने आणलेलं हेल्मेट आत खुंटीवर असायचं.

गेल्या महिन्यात माझी एक भुवई झाली होती, तेवढ्यात तो थेट दारात आला.

"टाक ते हातातलं आणि चल. किती वेळ उभा करतेस मला?"

तिने दातांतला दोरा काढला, खुंटीवरचं हेल्मेट उतरवलं आणि त्याच्या हातात दिलं.

"हे घेऊन जा. माझी मी जाईन. आता रोजच."

तो काहीबाही बोलत राहिला. मग बाइकचा आवाज लांब गेला.

"डोळे मिटा, ताई."

तिच्याकडे बघवत नव्हतं, म्हणून मी लगेच मिटले.

घरी येऊन आरशासमोर बराच वेळ उभी होते. कुठली भुवई आधीची आणि कुठली नंतरची, काही केल्या ओळखू येईना.